पिंजऱ्यातले बारसे आणि वाळूतला जन्म

जगातल्या कोणत्याही प्राणिसंग्रहालयात जिराफाचे पिलू जन्मास आले, की त्याची वार्ता छायाचित्रासह सर्वत्र झळकते. ते साहजिकच आहे. सुमारे पंधरा महिन्यांच्या गर्भवासानंतर हे पिलू उभ्या असलेल्या आईच्या उदरातून पाच-सहा फूट उंचीवरून थेट भुईवर पडते आणि तासाभरात आपल्या लांबच लांब, थरथरत्या पायांवर उभे राहते. जन्मतःच त्याची उंची पूर्ण वाढलेल्या माणसाएवढी असते. हे दृश्य पाहून ज्याला कौतुक वाटत नाही असा माणूस विरळा. अमेरिकेत २०१७ साली एप्रिल नावाच्या जिराफ मादीची प्रसूती दहा लाखांहून अधिक लोकांनी घरबसल्या प्रत्यक्ष घडताना पाहिली, आणि त्यापूर्वीचे कित्येक आठवडे तिच्या प्रकृतीची विचारपूस जगभर चालू होती. पुढे चार वर्षांनी, म्हणजे २०२१ साली, संधिवाताने गांजलेल्या त्याच मादीला दयामरण द्यावे लागले. तिच्या प्रसूतीसाठी रात्री जागविणाऱ्यांपैकी कितीजणांनी तिच्या अखेरच्या दिवसांची चौकशी केली असेल, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

प्राणिसंग्रहालयातील जन्माची बातमी ही अशी एकाक्ष असते. तिला पाळणा दिसतो, पुढचे आयुष्य दिसत नाही. पिलू झाले याचा आनंद सर्वांचा. ते पुढे कोठे राहणार, काय खाणार, त्याला जोडीदार कोठून मिळणार, त्याची संतती कोणाच्या उपयोगाची, आणि या साऱ्याचा खर्च कोण सोसणार, हे प्रश्न मात्र कोणाचेच नसतात. जन्म देणे हे निसर्गाचे कार्य आहे. परंतु प्राणी कुंपणात आणला, की त्याच्या संगोपनाचे उत्तरदायित्व संपूर्णपणे माणसाकडे येते. ते पेलण्याची तयारी नसताना बारशाचे पेढे वाटणे हा निव्वळ हौशी व्यवहार होय.

हा विषय रत्नागिरीकरांना आज दूरचा वाटण्याचे कारण नाही. केशवसुतांच्या मालगुंड येथे प्राणिसंग्रहालय उभारण्याची योजना गेल्या काही वर्षांत पुढे आली आहे. ती पूर्ण झाली, तर उद्या एखाद्या परदेशी प्राण्याच्या जन्माची बातमी रत्नागिरीहूनही येऊ शकेल. त्या वेळी टाळ्या वाजविण्यापूर्वी काय विचारावे, हे आताच ठरविणे इष्ट ठरेल.

राणीच्या बागेतील सात दिवस

महाराष्ट्राच्या अनुभवातील सर्वांत बोलके उदाहरण मुंबईचे आहे. भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजे जुन्या लोकांच्या राणीच्या बागेत, जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणण्यात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांतील एक मादी मरण पावली. राहिलेल्या सातांसाठी शीतगृह सिद्ध झाले आणि २०१७ साली ते लोकांसाठी खुले करण्यात आले. मग १५ ऑगस्ट २०१८ रोजी सायंकाळी एका अंड्यातून पिलू बाहेर आले. भारताच्या भूमीवर जन्मलेले हे पहिले पेंग्विन, तेही स्वातंत्र्यदिनी. मग काय विचारता! सर्वत्र अभिनंदनाचा वर्षाव झाला. आठवडाही पुरता उलटला नाही तोच, २२ ऑगस्टला, ते पिलू दगावले. त्याच्यात जन्मजात दोष होते असे निष्पन्न झाले.

या मृत्यूचा दोष कोणाच्या माथी मारण्याचा येथे हेतू नाही. नवजात पिले जंगलातही मरतात आणि उत्तमोत्तम प्राणिसंग्रहालयांतही मरतात. पुढे २०२१ साली याच ठिकाणी जन्मलेली पेंग्विनची पिले जगली, वाढली, हेही नमूद केले पाहिजे. मुद्दा वेगळा आहे. हम्बोल्ट पेंग्विन हा पेरू व चिली यांच्या किनाऱ्यावरील पक्षी. त्याला मुंबईच्या दमट उन्हाळ्यात जगवायचे, तर वर्षातील प्रत्येक दिवशी, प्रत्येक तासाला यंत्राने थंडावा पुरवावा लागतो. २०२१ साली पुढील तीन वर्षांच्या देखभालीसाठी सुमारे पंधरा कोटी रुपयांची निविदा निघाली, तेव्हा विरोधकांनी गदारोळ केला आणि सत्ताधाऱ्यांनी प्रेक्षकांकडून वाढलेल्या उत्पन्नाचे आकडे पुढे केले. वादाचा सारा भर पैसे वसूल होतात की नाही यावर होता. या पक्ष्यांच्या जन्माने पेरूच्या किनाऱ्यावरील त्यांच्या भाईबंदांचे काही भले होते काय, हा मूळ प्रश्न दोन्ही बाजूंच्या भाषणांत अभावानेच आढळला.

दुर्मीळ प्राणी जवळ बाळगणे हे वैभवाचे लक्षण मानण्याची परंपरा फार जुनी आहे. १४१४ साली बंगालच्या सुलतानाने चीनच्या मिंग सम्राटाकडे एक जिराफ नजराणा म्हणून पाठविला होता. तेथील दरबाऱ्यांनी त्याला आपल्या पुराणांतील शुभसूचक प्राणी ठरवून सम्राटाचा जयजयकार केला. इजिप्तच्या महंमद अलीने फ्रान्सच्या राजाला दिलेला जिराफ १८२७ साली मार्सेयहून पॅरिसपर्यंत पायी चालत गेला आणि त्याला पाहण्यासाठी वाटेत गावेच्या गावे लोटली. स्वतंत्र भारतात पंडित नेहरूंनी जपानच्या मुलांसाठी १९४९ साली इंदिरा नावाची हत्तीण पाठविली. युद्धाने होरपळलेल्या त्या मुलांना तिने आनंद दिला यात शंका नाही. तथापि, राजांच्या काळात प्राणी हा नजराणा होता, पुढे तो राष्ट्रांमधील सद्भावनेचे चिन्ह झाला आणि आज तो नगरांच्या प्रतिष्ठेचा विषय झाला आहे. या सर्व स्थित्यंतरांत प्राण्याचे स्वतःचे स्थान फारसे बदललेले नाही.

संख्येचा भ्रम

प्राणिसंग्रहालयांच्या बाजूने नेहमी मांडला जाणारा युक्तिवाद असा, की निसर्गात ज्या जाती घटत आहेत त्यांची पैदास येथे होते, म्हणून प्रत्येक जन्म हा संरक्षणाच्या कार्याला हातभार होय. जिराफाच्या संदर्भात हे म्हणणे तपासून पाहण्याजोगे आहे. १९८५ नंतरच्या तीस वर्षांत जगातील जिराफांची संख्या सुमारे चाळीस टक्क्यांनी घटली, असा अंदाज व्यक्त झाल्यावर २०१६ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघटनेने त्यांना संकटग्रस्तांच्या यादीत घातले. पुढे आनुवंशिकतेचा अभ्यास वाढला आणि २०२५ साली याच संघटनेच्या तज्ज्ञांनी मान्य केले, की ज्याला आपण एक जिराफ समजत होतो त्या वस्तुतः चार वेगवेगळ्या जाती आहेत. त्यांपैकी दक्षिणेकडील जातीचे सुमारे ६९ हजार प्राणी आहेत, तर उत्तरेकडील जातीचे अवघे सात हजारांच्या आसपास.

याचा अर्थ काय होतो, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. ज्या जिराफाचे आईबाप कोणत्या जातीचे, कोणत्या प्रदेशातून आलेले, एकमेकांचे नातलग आहेत की नाहीत, याची नोंद नाही, त्याच्या पोटी दहा पिले झाली तरी उत्तरेकडील जातीच्या त्या सात हजारांत एकाचीही भर पडत नाही. उलट एका कळपातल्याच प्राण्यांत पुनःपुन्हा संकर होत राहिला, तर संतती दुबळी निपजते. आपल्याकडील पांढऱ्या वाघांचा इतिहास हाच धडा देतो. १९५१ साली रीवाच्या जंगलात पकडलेल्या मोहन या एका वाघापासून आजच्या बंदिस्त पांढऱ्या वाघांचा वंश वाढला. तो वाढविण्यासाठी बाप व मुलगी यांचाही संकर करण्यात आला. लोकांना रंगाचे अप्रूप वाटले, गर्दी जमली. पण या वाघांत तिरळेपणासारखे दोष उतरले आणि जंगलातील वाघाच्या संरक्षणाशी या पैदाशीचा काडीमात्र संबंध उरला नाही. चंदीगडजवळील छतबीर येथे आशियाई व आफ्रिकी सिंहांचा संकर होऊन जो कळप वाढला, त्याची पैदास अखेर थांबवावी लागली. तेथे जन्मलेल्या प्रत्येक छाव्याचेही एके काळी कौतुकच झाले असणार.

दुसरी अडचण वाढीव प्राण्यांची. कोपनहेगनच्या प्राणिसंग्रहालयाने ९ फेब्रुवारी २०१४ रोजी मारियस नावाच्या दीड वर्षाच्या निरोगी जिराफाला मारून टाकले, मुलांसमोर त्याचे विच्छेदन केले आणि मांस सिंहांना घातले. कारण एवढेच, की त्याच्या वंशाचे गुण युरोपातील कळपात पुरेसे आले होते आणि त्याला ठेवून घेणे पैदाशीच्या योजनेत बसत नव्हते. जगभर संताप उसळला. परंतु त्या संस्थेने जे उघडपणे केले तो हिशेब इतर अनेक ठिकाणी मूकपणे होत असतो. प्राणी लहान पिंजऱ्यात सरकविले जातात किंवा कोठेतरी पाठवून दिले जातात. मारियसही कधी काळी नवजात पिलू होता आणि त्याच्याही पाळण्याभोवती गर्दी झाली असेल. जन्माची योजना न करता जन्म साजरा करणाऱ्याला पुढे केव्हातरी असा कटू निर्णय घ्यावाच लागतो.

दुसरी बाजू

प्राणिसंग्रहालये मोडीत काढावीत, असा निष्कर्ष यावरून कोणी काढू नये. योग्य हेतूने, योग्य प्राण्याची, योग्य वेळी केलेली पैदास काय करू शकते, याचे उत्तम उदाहरण आपल्याच देशात आहे. सुसर, म्हणजे लांब तोंडाची घडियाल, सत्तरीच्या दशकात नामशेष होण्याच्या बेतात आली होती. १९७५ साली तिच्या रक्षणाची योजना सुरू झाली. ओडिशातील नंदनकानन येथे १९८० साली बंदिस्त अवस्थेतील घडियालची पैदास जगात प्रथमच यशस्वी झाली, आणि त्यासाठी नर जर्मनीतील फ्रँकफर्टहून आणावा लागला होता. पिले नदीत सोडण्याच्या कामात पुष्कळ अपयश आले. तरीही सोडणे थांबले नाही, आणि २०२१ साली महानदीच्या साताकोसिया घळीत सुमारे चार दशकांनंतर घडियालची पिले नैसर्गिकरीत्या जन्मली. नंदनकाननमधील जन्माला अर्थ आला तो यामुळे, की त्याच्या पुढे एक नदी होती.

सामान्य माणसाचा युक्तिवादही तुच्छ लेखण्याजोगा नाही. आफ्रिकेत जाऊन जिराफ पाहणे कारकुनाच्या किंवा शिक्षकाच्या मुलाला कोठून परवडणार? त्याच्यासाठी राणीची बाग हेच जग. पुस्तकातला प्राणी प्रत्यक्ष पाहिल्यावर मुलाच्या डोळ्यांत जी चमक येते, तिचे मोल रुपयांत करता येणार नाही. हे सारे मान्य करूनही विचारावेसे वाटते, की त्या मुलाला आपण प्रत्यक्षात काय शिकवितो? जिराफ झाडांच्या माळावर हिंडतो, मैलोगणती चालतो, कळपात राहतो. कोपऱ्यात उभा असलेला, एकाच कठड्याशी मान घासणारा प्राणी पाहून मूल जिराफाविषयी शिकते, की माणसाच्या मालकीविषयी? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली दुरुस्ती होऊन १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. १९९८ च्या राष्ट्रीय धोरणाने प्राणिसंग्रहालयाचे प्रमुख प्रयोजन देशातील वन्यजीवांच्या संरक्षणाला साहाय्य हेच ठरविले. कागदावर मनोरंजनाचा क्रम मागे गेला आहे; जनमानसात आणि राजकारणात तो अजून पहिलाच आहे.

भाट्याच्या किनाऱ्यावरून

रत्नागिरी शहरातून पावसकडे निघाले, की काजळी नदीच्या मुखावरचा पूल ओलांडून भाट्ये लागते. एका हाताला सुरूचे बन, त्यापलीकडे सरळ पसरलेली वाळू, टोकाला डोंगराच्या पायथ्याशी झरी विनायकाचे मंदिर. येथेच कोकण कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र १९५५ पासून काम करीत आहे. या केंद्राचा व्यवहार प्राणिसंग्रहालयांनी अभ्यासावा असा आहे. संकरित नारळाचे रोप तयार करायचे, तर माड कोणता, पराग कोणत्या झाडाचा, हे आधी ठरते. हाताने परागीकरण होते. नोंद ठेवली जाते. रोप कोणत्या जमिनीत, कोणत्या बागायतदाराकडे जाणार याचा विचार होतो आणि मगच ते केंद्राबाहेर पडते. माडाच्या सावलीत जायफळ, दालचिनी, मिरी घेण्याची ‘लाखी बाग’ ही कल्पनाही याच केंद्राने रुजविली. नारळाच्या रोपाच्या बाबतीत आपण जी दक्षता घेतो ती जिवंत प्राण्याच्या बाबतीत अनावश्यक कशी ठरते?

पण भाट्ये, मालगुंड, गणपतीपुळे, गावखडी या किनारपट्टीकडे पाहताना आणखी एक गोष्ट जाणवते. जन्माचा खरा सोहळा येथे दरवर्षी कोणाच्या निमंत्रणावाचून होत असतो. नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी कोकणच्या किनाऱ्यांवर रात्री येतात, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि मागे वळूनही न पाहता समुद्रात परततात. पन्नासेक दिवसांनी तळहातावर मावतील एवढी पिले वाळू सारून वर येतात आणि उजेडाच्या दिशेने, म्हणजे निसर्गाच्या हिशेबाने समुद्राच्या दिशेने, धावत सुटतात. वाळूच्या उष्णतेवर पिलू नर होणार की मादी हे ठरते. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक निपजतात. हजार पिलांतून एखादेच वयात येते, असे मानले जाते.

या सोहळ्याला वर्षानुवर्षे घुबडासारखे डोळे लावून बसलेले असत ते अंडीचोर, कोल्हे आणि कुत्री. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने वेळास येथे काम सुरू केले. नाना फडणवीसांचे म्हणून इतिहासाला ठाऊक असलेले हे मंडणगड तालुक्यातील गाव पुढे कासवांचे गाव म्हणून प्रसिद्धीस आले. २००६ पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला. पर्यटक ग्रामस्थांच्या घरी उतरतात, घरचे जेवण जेवतात आणि पहाटे किनाऱ्यावर जाऊन पिलांची समुद्राकडची धाव पाहतात. पुढे वनखात्याने हे काम उचलून धरले आणि आंजर्ले, गुहागर, मालगुंड, गावखडी अशा अनेक किनाऱ्यांवर कासवमित्र घरटी राखू लागले. पिंजरा न बांधता, प्राणी विकत न आणता, जन्म पाहण्याची आणि त्यावर गावाने चार पैसे मिळविण्याची सोय होऊ शकते, याचा हा कोकणातील सिद्ध पुरावा आहे.

या कासवांचा पसाराही थक्क करणारा आहे. २०२१ साली ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर खूणपट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरील कासवे एकमेकांना परकी आहेत, हा समज त्या एका मादीने खोटा ठरविला. ज्या शाळेतील मुलाला जिराफ कोठून येतो हे ठाऊक आहे, त्याला आपल्या दारची कासवीण कोठून येते हे ठाऊक असू नये, यात शिक्षणाची शोभा नाही.

गणपतीपुळ्याचे पिलू

किनाऱ्याने आपल्याला एक परीक्षाही दिली आणि तीत आपण कोठे आहोत ते दिसून आले. नोव्हेंबर २०२३ मध्ये, ऐन दिवाळीत, गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर निळ्या देवमाशाचे पिलू येऊन लागले. पिलू म्हणायचे ते केवळ वयाने. लांबी तीस फुटांच्या घरात होती. ग्रामस्थ, मच्छीमार, जीवरक्षक, वनखात्याचे कर्मचारी, सारेच धावले. त्याच्या अंगावर ओली कापडे घातली, पाणी शिंपडले, दोन दिवस अहोरात्र खटपट करून त्याला ओढून खोल पाण्यात नेले. रत्नागिरीकरांनी त्या दिवशी जो जिव्हाळा दाखविला तो अभिमानास्पद होता. तरीही ते पिलू पुन्हा किनाऱ्याला लागले ते मृतावस्थेत.

आईपासून तुटलेले, दुधावरचे ते पिलू जगलेच असते असे कोणी म्हणणार नाही. पण त्या दोन दिवसांत एक उणीव सर्वांच्या ध्यानात आली. माणसे होती, माया होती, कष्ट होते. अशा प्रसंगासाठी सज्ज असलेली यंत्रणा, सागरी प्राण्यांवर उपचार करणारे वैद्य व साधने मात्र हाताशी नव्हती. जिल्ह्यात शिरगावचे मत्स्य महाविद्यालय आहे, झाडगावचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. तेथील देवमाशाचा सांगाडा शाळांच्या पिढ्यांनी डोळे विस्फारून पाहिला आहे. मेलेल्या देवमाशाची व्यवस्था आपण केली. जिवंत पिलाची अद्याप नाही.

मच्छीमारांकडूनही शिकण्याजोगे आहे. जाळ्यात कासव किंवा अन्य संरक्षित प्राणी अडकला, तर जाळे कापून त्याला सोडणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्य शासनाने डिसेंबर २०१८ पासून सुरू केली. गरीब माणूस पोटाचे साधन स्वतःच्या हाताने कापतो तेव्हा त्याच्या त्यागाची बरोबरी कोणत्याही बारशाच्या समारंभाशी होऊ शकत नाही. त्याचे छायाचित्र मात्र पहिल्या पानावर क्वचितच येते.

मालगुंडने काय व्हावे

या पार्श्वभूमीवर मालगुंडच्या योजनेकडे पाहिले पाहिजे. रोजगार वाढेल, पर्यटक एक दिवस अधिक थांबेल, ही अपेक्षा रास्त आहे. तिला विरोध करणे कोकणच्या हिताचे नाही. प्रश्न आहे तो स्वरूपाचा. जिराफ, झेब्रा असे परदेशी प्राणी आणण्याच्या मुंबईतील योजना निविदांच्या वादात कशा अडकल्या, हे आपण पाहिले आहे. तीच नक्कल लहान प्रमाणात रत्नागिरीत करण्यापेक्षा कोकणाला जे हवे आहे ते येथे उभारावे.

कोकणाला काय हवे आहे? विहिरीत पडलेला, फासकीत अडकून जखमी झालेला बिबट्या ही या जिल्ह्यात नित्याची बातमी आहे. ज्याला पुन्हा जंगलात सोडता येत नाही अशा बिबट्याची पाठवणी जुन्नरजवळच्या माणिकडोहसारख्या घाटमाथ्यावरील केंद्रांकडे करावी लागते. खवले मांजराची तस्करी होते. सोडविलेल्या प्राण्याला काही काळ ठेवावे लागते. जाळ्यात पाय तुटलेली कासवे पावसाळ्यात किनाऱ्याला लागतात. मालगुंडचे केंद्र प्रथमतः यांचे रुग्णालय व्हावे, नंतर प्रदर्शन. जो प्राणी बरा झाला तो परत जाईल. जो जाऊ शकत नाही तो तेथे राहील आणि त्याला पाहणाऱ्या मुलाला त्याच्या जखमेचे कारणही सांगितले जाईल. असे केंद्र झाले, तर पर्यटक येणार नाहीत ही भीती वेळासने आधीच खोटी ठरविली आहे.

दुसरी गोष्ट हिशेबाची. प्रत्येक मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयाला प्राण्यांच्या जन्म-मृत्यूची नोंद प्राधिकरणाला सादर करावी लागते. तीच नोंद प्रवेशद्वारावर मोठ्या अक्षरांत फलकावर लावावी. वर्षभरात किती जन्मले, किती मेले, का मेले, प्रत्येकावर किती खर्च झाला, हे तिकीट काढणाऱ्या माणसाला वाचता आले पाहिजे. जन्माची वार्ता सांगायला पुढाकार घेणाऱ्याने मृत्यूची वार्ता सांगायलाही कचरू नये. आणि ज्या पैदाशीच्या पुढे एखादे जंगल, एखादी नदी किंवा एखादा समुद्र नाही, ती पैदास मुळात करूच नये.

तिसरी गोष्ट किनाऱ्याची आणि ती सर्वांत स्वस्त आहे. नोव्हेंबरपासून मेपर्यंत वाळूवर पडणारे झगझगीत दिवे रात्री विझवावेत किंवा झाकावेत, कारण पिले उजेडाला फसून जमिनीकडे वळतात. किनाऱ्यावर वाहने नेण्याची जी फॅशन बोकाळली आहे ती कठोरपणे बंद करावी. चाकाखाली घरटे चिरडले तर ते कळतसुद्धा नाही. भाट्यासारख्या शहरालगतच्या किनाऱ्यावर हे अवघड आहे, हे मान्य. खाडीपलीकडे शहराचा झगमगाट आहे, संध्याकाळी गर्दी असते, पावसाळ्यात लाटा सुरूच्या बनावर चाल करून येतात. पण अवघड किनाऱ्यावर शिस्त लागली, तर ती सोप्या किनाऱ्यांवर लावणे कठीण जाणार नाही.

शेवटी शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना एक विनंती. सहलीला मुंबईला जरूर जावे, राणीची बाग पाहावी, पेंग्विनही पाहावेत. परंतु वर्षातून एक पहाट आपल्याच जिल्ह्यातील एखाद्या कासवाच्या घरट्यापाशीही काढावी. तेथे तिकीट नाही, नामकरण नाही, मानपत्र नाही. टोपली उचलली जाते, शे-दीडशे काळी पिले वाळूवर रेषा ओढीत पाण्याकडे जातात आणि पहिल्या लाटेबरोबर दिसेनाशी होतात. पुन्हा ती भेटणार नाहीत, भेटली तरी ओळखू येणार नाहीत. आपल्या मालकीचा नसलेला जन्म राखण्याची सवय ज्या समाजाला लागली, त्याच्या हाती एखादे प्राणिसंग्रहालय सोपवायला हरकत नाही. ती सवय मालगुंडच्या भिंती उभ्या राहण्यापूर्वी लागावी, एवढीच अपेक्षा आहे.